डब्याच्या बुडावरची ओळ

मी एक जुनी लेबल चिकटवायची मशीन आहे. हाताने दांडा फिरवायचा, बिडाचे पाय, पितळेचे गोंदाचे भांडे. मित्रांनो, माझ्या जातीच्या मशिनी आता भंगारातच सापडतात, त्यामुळे तुम्ही मला पाहिले नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. पण माझ्यासारख्या कोणीतरी चिकटवलेला कागद तुम्ही रोज हातात घेता आणि न वाचता फाडून टाकता, त्याचा मात्र मला राग येतो. मी आधीच सांगून ठेवते, मी चिडकी आहे. आपले आयुष्य सांगणाऱ्या वस्तूंनी गोड आणि थोडे रडवेले बोलायचे असते, हे मला ठाऊक आहे. मला ते जमेल असे वाटत नाही.

माझा जन्म अलेक्झांड्रियाचा. बंदराजवळच्या एका कारखान्यात उस्ताद हागोप नावाच्या आर्मेनियन कारागिराने मला जोडले. दोन रूळ, एक ब्रश, एक दांडा. दांडा फिरवला की कागद रुळाखाली जाई, गोंद घेई आणि डब्यावर जाऊन बसे. कागद तिरका बसला की हागोप तो स्वतः फाडत असे आणि त्याच्या भाषेत मला काहीतरी बोलत असे. ते कौतुक नव्हते, एवढे मला कळत होते. पण त्याने मला सरळ चिकटवायला शिकवले, आणि ती सवय आजवर टिकली आहे.

तिथून मला मुअल्लिम दिसूकीने, म्हणजे मिठाईच्या दुकानाच्या मालकाने, विकत घेतले आणि तिळाच्या पोत्यांबरोबर ट्रकमध्ये घालून तंता शहरात आणले. सय्यद बडवींच्या मशिदीमागच्या गल्लीत त्याचे दुकान. पुढे गल्ला, मागे कारखाना, आणि मी दोन्हींच्या मधल्या ओट्यावर. मागे तांब्याच्या मोठ्या कढईत साखर आणि मक्याचा स्टार्च तासन् तास घोटला जाई, आणि त्याचा मलबन होई. मऊ, लवचीक, दाताला थोडा चिकटणारा, वरून पांढरी पूड भुरभुरलेला. मी ओट्यावरून एकीकडे कढई पाही आणि दुसरीकडे गिऱ्हाईक पाही. एवढी चांगली जागा त्या दुकानात मालकालाही नव्हती.

दिसूकीचे लेबल अगदी साधे होते. वर त्याचे नाव, खाली साखर, मक्याचा स्टार्च, गुलाबपाणी. बस्स. एका वर्षी गुलाबपाणी मिळेना म्हणून त्याने नारिंगीच्या फुलांचे पाणी घातले. लेबले आधीच छापून आली होती. तेव्हा तो स्वतः मांडी घालून बसला आणि एकेका लेबलावरचा ‘गुलाब’ शब्द पेनाने खोडून वर ‘नारिंगी’ लिहीत राहिला. शेजारचे दुकानदार येऊन त्याची चेष्टा करत होते. तो त्यांना चहा पाजत होता आणि खोडत होता. दर गुरुवारी तो माझे रूळ कोमट पाण्याने पुसत असे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते, आणि ते सुखाचे आहेत हे मला तेव्हा कळले नाही.

आता एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरच घडले. सय्यद बडवींच्या उरुसाला, म्हणजे आमच्या मूलिदला, आलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. फुटाणे नेतो, तिळाच्या वड्या नेतो, मलबन नेतो. तो डबा लाल नाहीतर पिवळ्या चकचकीत कागदात गुंडाळून वर फीत बांधलेला असतो. आमच्याकडे येणाऱ्या खेड्यांतल्या लोकांची समजूत अशी, की विकत घेणाऱ्याने तो उघडायचा नाही. वाटेत उघडला तर बरकत वाटेतच सांडली. ज्याच्या घरी द्यायचा त्यानेच तो सगळ्यांसमोर उघडायचा आणि पहिला तुकडा तोंडात टाकायचा. त्याला नको म्हणायचे म्हणजे दारात आलेल्या बरकतीला परत पाठवायचे. तसे कोणी करत नाही.

दिसूकी गेला. त्याची मुलगी सनिय्या कढईपाशी उभी राहिली आणि मुलगा रिफअत बाहेरचा व्यापार पाहू लागला. दोघेही कष्टाळू. पण लेबलांचे खाते रिफअतकडे गेले आणि माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला. आधी सोनेरी किनार आली. मग मशिदीचा घुमट आला. मग ‘अस्सल’ आले, ‘शुद्ध’ आले, ‘आजोबांच्या हातची चव’ आली. त्या आजोबांना, म्हणजे दिसूकीच्या वडिलांना, मी ओळखत होते. त्यांना साधे अंडे उकडता येत नव्हते. इतके सगळे झाकणावर मावेना, म्हणून डब्यात काय आहे ते उचलून बुडाला टाकले, मुंगीएवढ्या अक्षरांत. मला आता एका डब्याला दोन लेबले लावावी लागत. वर फुशारकी, खाली खरे.

हाज्जा फिक्रिय्या आमची जुनी गिऱ्हाईक. हज करून आलेली, बसयूनकडच्या एका गावात राहणारी विधवा बाई, आवाजाने मोठी आणि मनाने त्याहून. दर मूलिदला ती आपल्या आळीसाठी डबे नेत असे. त्या वर्षी ती मूलिदच्या बरीच आधी आली आणि गल्ल्यापाशी न थांबता थेट आत सनिय्याकडे गेली.

झाले होते असे. तिची सून अबीर पोरांच्या खाण्याबाबत फार काटेकोर. ज्या मक्याच्या बियाण्यात प्रयोगशाळेत फेरफार केलेला असतो, तो मका तिला घरात नको होता. ती बिस्किटाचा पुडाही परीक्षेला बसल्यासारखी वाचते, असे फिक्रिय्या पूर्वी हसून सांगत असे. एकदा तिने सुनेच्या नकळत नातवंडांना मक्याचे कुरकुरे खाऊ घातले. पोरांनीच घरी जाऊन सांगितले. तेव्हापासून नातवंडे आजीकडे येईनाशी झाली होती. या मूलिदला स्वतःच्या हाताने डबा नेऊन सुनेशी समेट करायचा, असे फिक्रिय्याने ठरवले होते.

“सनिय्या, तुझ्या मलबनात मका कसला असतो गं?” तिने विचारले.

“कसला म्हणजे? पिवळा.”

“रंग नाही विचारत. बी बदललेला तो असतो ना, तसला आहे का?”

“का गं हाज्जा, विष आहे म्हणते का तुझी सून?”

“विष नाही म्हणत. ती म्हणते, मोठमोठे डॉक्टर खा म्हणतात, तर ज्याला खायचाय त्यानं खुशाल खावा. मला नकोय, तर मला कळू दे, एवढंच तिचं म्हणणं. मी तिला वेडी म्हणायचे. आता नाही म्हणत. तिच्या पोरांचं ताट, ती ठरवेल.”

सनिय्याने घोटणी बाजूला ठेवली. मला माहीत नाही, असे तिने सरळ सांगितले. मग म्हणाली, “विचारते मी. आणि असला तसला मका, तर डब्यावर लिहीन. ओळ दिसली नाही तर डोळे मिटून ने.”

हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला. कान नाहीत मला, पण ऐकला.

सनिय्याने स्टार्चच्या व्यापाऱ्याला गाठले. तो आधी हसला. म्हणाला, जहाजातून येतो, सगळा एकत्र ओतलेला असतो, कोण विचारत बसतंय. तिने पिच्छाच सोडला नाही, तेव्हा त्याने इकडे तिकडे फोन केले आणि सांगितले, की हो, मका बदललेल्या बियाण्याचाच आहे. वर असेही म्हणाला, की अख्खी गल्ली हाच स्टार्च घेते, तुला एकटीलाच कसली उठाठेव? दुसरा खात्रीचा स्टार्च मूलिदच्या आधी एवढा मिळण्यासारखा नव्हता. मग सनिय्या छापखान्यात गेली आणि एक ओळ लिहून दिली. ‘यातील स्टार्च जनुकीय बदल केलेल्या मक्याचा आहे.’ घाबरवणे नाही, फुशारकी नाही. मित्रांनो, दिसूकीनंतर इतकी स्वच्छ ओळ माझ्या रुळांखाली आली नव्हती. मी खूश झाले होते. तेच चुकले.

रिफअतने ती ओळ पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. त्या वर्षी कैरोच्या एका व्यापाऱ्याने मोठी मागणी नोंदवली होती. रिफअत माणूस वाईट नव्हता, हे मी रागातही मान्य करते. दोन वर्षांपूर्वी वड्यांच्या रंगाबद्दल कुठून तरी अफवा उठली होती आणि पलीकडच्या दुकानाला कुलूप लागले होते. ती भीती त्याच्या पोटात होती.

तो म्हणाला, “झाकणावर हे लावलंस तर कैरोचा माणूस ट्रक रिकामा घेऊन जाईल. लोकांना काय कळतंय? त्यांना वाटेल आपण बाटलीतून काहीतरी ओतलंय.”

“खरं तेच लिहिलंय,” सनिय्या म्हणाली.

“मग बुडालाही खरंच राहील ना? डबा तोच, ओळ तीच. मी कुठे पुसून टाक म्हणतोय?”

अफवा उठतात त्या काही लिहिलेले नसते म्हणूनच, हे मला ओरडून सांगायचे होते. पलीकडच्या दुकानाने रंग कोणता ते झाकणावर लिहिले असते, तर लोकांना आपापसात कुजबुजायला काही उरलेच नसते. पण मला दांडा आहे, तोंड नाही. सनिय्याने आत कढईकडे पाहिले. कढया लागल्या होत्या, माणसे कामाला लावलेली होती, आणि ती थकली होती. शेवटी ती म्हणाली, “बरं. लिहिलेलं तर असेल.”

आणि ती स्वच्छ ओळ बुडाला गेली. मीच चिकटवली. संतापून मी सुरुवातीची काही लेबले तिरकी बसवली, तर कामगाराने माझे रूळ घासले आणि स्क्रू आवळले. यापलीकडे मशीन करते तरी काय? डबे चिकटले, झाकण तेवढे दिसेल असे लाल कागदात गुंडाळले गेले, वर फिती बसल्या. आता बूड दिसायला फीत सोडावी लागणार होती, आणि आमच्या गिऱ्हाइकांत विकत घेणारा फीत सोडत नाही. हे रिफअतला माहीत होते. सनिय्यालाही माहीत होते, फक्त त्या दिवशी तिच्या लक्षात आले नाही.

मूलिद आला. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सनिय्या आत कढईपाशी, रिफअत गल्ल्यावर. फिक्रिय्या नवा काळा झगा घालून आली. तिने पिशवीतून चष्मा काढला, फडक्याने पुसला, आणि गुंडाळायचा राहिलेला एक डबा उचलून झाकण वाचायला लागली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, ओळीखाली बोट फिरवत. मागची माणसे ढकलत होती, कुरकुरत होती. तिने सोनेरी किनारीवरूनसुद्धा बोट फिरवले. मग तिचा चेहरा असा फुलला, की मला तो पाहवेना.

“पाळला बाई सनिय्यानं शब्द,” ती रिफअतला म्हणाली. “कुठून आणलात रे चांगला मका?”

रिफअतने तिच्या हातातला डबा घेतला. मग तो म्हणाला, “हाज्जा, डब्यावर सगळं लिहिलेलं आहे,” आणि तिच्या डब्यांना कागद गुंडाळायला लागला.

मित्रांनो, तो खोटे बोलला नाही. सगळे डब्यावरच लिहिलेले होते. त्याने खोटे बोलायला हवे होते असे मला आजही वाटते, कारण खोटे निदान पकडता येते. मी ओट्यावर उभी होते, माझ्या भांड्यात गोंद सुकत होता, आणि ती बाई ती पिशवी छातीशी धरून गर्दीतून वाट काढत गेली.

मूलिद संपायच्या आत ती परत आली. हातात एक डबा, लाल कागद नसलेला. तिने तो माझ्याच ओट्यावर ठेवला, बूड वर करून. सनिय्या हात पुसत बाहेर आली आणि डबा पाहून जागच्या जागी थांबली.

फिक्रिय्याचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. तिने सगळे क्रमाने सांगितले. अबीरने दार उघडले, घरात घेतले, शेजारणी जमल्या. पोरे आजीच्या दोन बाजूंना येऊन बसली. अबीरने हसत फीत सोडली. आणि सवयीने डबा उलटा केला.

“तिनं मला हळूच विचारलं, आई, तुम्हाला हे माहीत होतं? मी म्हटलं, अगं त्यात नाहीये तसलं काही, मी बघून आणलंय. तर तिनं ती ओळ माझ्यापुढं धरली. सगळ्या बायका बघतायत. नको म्हणायची सोय नाही. तिनं एक तुकडा तोंडात टाकला, डबा मिटला आणि पोरांना घेऊन आत गेली. तिला वाटतंय, मी पुन्हा फसवलं. ह्या खेपेला बरकतीच्या आडून.”

“हाज्जा, ओळ होती,” सनिय्या म्हणाली. “बुडाला होती.”

“होती ना. पण जिला ती दिसली तिला नको म्हणता येईना, आणि मला नको म्हणता आलं असतं तर मला ती दिसली नाही. मग तू लिहिलीस कुणासाठी गं?”

फिक्रिय्याने पैसे परत मागितले नाहीत. डबा तिथेच ठेवून ती निघून गेली.

त्यानंतर सनिय्याने काय केले ते सांगते, कारण तिची फक्त चूक सांगितली तर अन्याय होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः माझा दांडा धरला आणि उरलेल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर ती ओळ लावली, मधोमध, घुमटाच्या वर. कैरोचा ट्रक अर्धा रिकामा गेला. बहीण-भावात असे भांडण झाले, की कढईपाशी काम करणारी माणसे बाहेर जाऊन उभी राहिली. पुढे रिफअतने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला वेगळा धंदा मांडला. त्याच्याकडे आता विजेवर चालणारी नवी मशीन आहे. ती माझ्यापेक्षा वेगाने चिकटवते आणि कोणाच्या झाकणावर काय नाही याचा विचार करत नाही. मी सनिय्याकडेच आहे. माझा एक रूळ झिजला आहे, आणि धंदा लहान झाल्यामुळे आठवड्यातले कितीतरी दिवस माझ्यावर गोणपाट टाकलेले असते. त्याचे मला फार दुःख नाही.

पुढच्या मूलिदला झाकणावरची ओळ घेऊन आमचे डबे गल्ल्यावर लागले. आभाळ कोसळले नाही. काहींनी वाचून डबा खाली ठेवला. काहींनी वाचून खांदे उडवले आणि घेतला. एक म्हातारा म्हणाला, “माझे दात गेले, केस गेले. आता हा मका माझं आणखी काय बदलणार? दोन बांधा.” विक्री थोडी कमी झाली, पण कुजबुज कोणी केली नाही, कारण कुजबुजण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्याच गर्दीत एक तरुण बाई दोन मुलांना घेऊन आली. तिने डबा उचलला, झाकण वाचले आणि तो पुन्हा जागेवर ठेवला. मग भाजलेले फुटाणे मागितले. सनिय्याने सहज विचारले, कुठून आलात? बाई म्हणाली, बसयूनकडून. माझी सासू दरवर्षी इथूनच न्यायची.

ती अबीर होती. सनिय्या गल्ल्याच्या बाहेर आली. भर गर्दीत तिने अबीरला सगळे सांगितले, दिलेला शब्द आणि बुडाला टाकलेली ओळ, आणि यात फिक्रिय्याचा काही दोष नव्हता, हेही. अबीर ऐकत राहिली. तिच्या मुलाने डब्याला हात लावला, तो तिने न बघताच बाजूला केला.

“आईंनी मला शपथ घेऊन हेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी ऐकलं नाही. नंतर पटायला लागलं, म्हणून दोनदा गेले. त्या दार उघडत नाहीत. माझं त्या आता ऐकणार नाहीत. हे तुम्ही येऊन सांगाल?”

मूलिदचा दिवस, कढई चुलीवर. सनिय्याने कमरेचे फडके सोडले, कढई कामगारांवर टाकली आणि तिच्याबरोबर गेली. संध्याकाळी ती एकटीच परत आली. तिने कोमट पाणी आणले आणि माझे रूळ पुसायला घेतले, गुरुवार नव्हता तरी. कामगार बाईने विचारले, काय झालं? तेव्हा सनिय्या म्हणाली, की दोघींनी खूप वेळ फिक्रिय्याचे दार वाजवले. पोरांनी हाका मारल्या. दार उघडले नाही. मग दाराआडून आवाज आला.

“एवढंच म्हणाली, मी चष्मा लावून वाचलं होतं सनिय्या. सगळं झाकण वाचलं होतं.”

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला तेल घाला, मला भंगारात टाकू नका, असे काही मी मागणार नाही. काय खायचे आणि काय नाही, हेही मी सांगणार नाही. ते तुमचे ताट आहे. पण तुम्ही दुकानात उभे असाल, हातात डबा असेल, आणि पलीकडचा माणूस म्हणाला की सगळे लिहिलेले आहे, तर कुठे लिहिले आहे ते विचारा. फीत बांधायच्या आधी विचारा. मागची माणसे ढकलतील, कुरकुरतील, तरी उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.